नऊ एकांचा वर्ग

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव असं बॅचच्या ग्रुपवर आलं, बाकीचे गॅदरिंग, खो-खो, ट्रिप यावर लिहितीलच, मी १२३४५६७८९८७६५४३२१ वर लिहितोय कारण आठवीतलं मला सगळ्यात जास्त तेच आठवतं.

गणिताच्या सरांनी ही संख्या आयती दिली नाही, १११११११११ ला त्यानंच गुणा म्हणाले. बेळगावकडच्या आपल्या खानापूरचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, पत्र्यावर एवढा आवाज की मागच्या बाकावर काही ऐकू यायचं नाही, मग सगळं फळ्यावरच. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडं सरकवलेली, आणि उजवीकडून उभी बेरीज करत गेलं की एक, दोन, तीन असं चढत मधल्या घरात नऊ आणि तिथनं परत उतरत एक. हातचा कुठंच नाही! दहा एक घेतले की मात्र मधे दहा येतात, हातचा पुढं सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ होतं, सगळी चाल मोडते.

पुढचा तास कन्नडचा, पण बाईंनी फळा पुसू दिला नाही, शेवटचे तीन आकडे आमच्याकडून मुन्नूर इप्पत्तोंदु, म्हणजे तीनशे एकवीस, असे म्हणून घेतले. बाई पण ग्रेट होत्या.

मग सर आठवडाभर त्याच संख्येची जात काढत बसले. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली एकं दहं शतं मोजत गेलं की पहिला एक मध्य या स्थानावर येतो, परार्धाच्या एक घर अलीकडं. उलटी वाचली तरी तीच. पूर्ण वर्ग. मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७, विभाजक ४५, आणि विभाजकांची संख्या विषम आली म्हणजे संख्या वर्गच असणार हे मला तेव्हा कळलं ते कायमचं. देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर असल्या संख्यांना डेम्लो संख्या म्हणायचे, तेही शाळामास्तरच, हे सांगताना सरांचा चेहरा बघण्यासारखा होता.

हर्षद संख्यासुद्धा कापरेकरांचीच, म्हणजे अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जाणारी. इथं बेरीज ८१. आता बेरजेवरून ९ नं भाग जातो हे कळतं, ८१ चं कळत नाही, तिथंच खरी मजा आहे बघा की. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून १११११११११ ला ९ नं भाग जातो, मग त्याच्या वर्गाला ९ गुणिले ९ नं जाणारच, भागाकार मांडायची गरजच नाही.

माझी भाची आता आपल्याच शाळेत आहे, तिला म्हटलं एक ते नऊ एकांचे सगळे वर्ग हर्षद आहेत का तपास. १२१ ला ४ नं जात नाही, १२३२१ ला ९ नं जातो, १३६९ येतात. अख्खा रविवार घेतला तिनं, पण काढलं बरोबर, फक्त १, ३ आणि ९ एकांनाच जमतं. आता २७ एकांचं बघते म्हणालीय.