काका हरला, पुतण्या जिंकला

काका-पुतण्या म्हटलं की आपल्याला भलतंच काहीतरी आठवतं, म्हणून आधीच सांगतो, ही जोडी अमेरिकेतली आहे आणि साल आहे १८१२. काका विल्यम हल, जनरल. पुतण्या आयझॅक हल, युद्धनौकेचा कॅप्टन. १६ ऑगस्टला काकाने अख्खं डेट्रॉइट इंग्रजांच्या हवाली केलं आणि तीनच दिवसांनी, १९ ऑगस्टला, पुतण्याने भर समुद्रात ब्रिटिश फ्रिगेट (वेगवान युद्धनौका) फोडून टाकली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं तारखा कोणीतरी जुळवून लिहिल्यात, पण खरंच तसं झालंय.

मुळात अमेरिका आणि इंग्रजांमधलं हे युद्धच घाईघाईत सुरू झालेलं. अमेरिकेचं स्वातंत्र्य इंग्रजांनी मान्य करून तीस वर्षं होत नव्हती, तिकडे इंग्रज नेपोलियनशी लढण्यात गुंतलेले आणि त्यांना खलाशी कमी पडायचे, मग अमेरिकन जहाजं अडवून त्यातली माणसं 'हा आमचाच पळपुटा' म्हणत उचलून न्यायची, वर अमेरिकेच्या व्यापारावर निर्बंध. शिवाय इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅनडावर डोळा असलेली तरुण खासदारमंडळी होतीच. सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३ मतांनी ठराव पास झाला आणि १८ जूनला प्रेसिडेंट मॅडिसनने सही केली. गंमत म्हणजे ते व्यापाराचे हुकूम मागे घेणार असं लंडनला पार्लमेंटमध्ये दोनच दिवस आधी जाहीर झालं होतं. पण बातमी जहाजाने येणार, म्हणजे आठवडे गेले.

आता काकाकडे वळू. युद्ध जाहीर झाल्याचं पत्र वॉशिंग्टनहून या जनरलला कसं पाठवलं, तर साध्या पोस्टाने! तो बिचारा जंगलातून रस्ता काढत डेट्रॉइटकडे चाललेला, त्याने ओझं हलकं करायला सामान आणि सगळी कागदपत्रं एका बोटीवर चढवून पुढे पाठवली. नदीच्या पलीकडे, कॅनडाच्या काठावर इंग्रजांना युद्धाची खबर आधीच मिळाली होती, त्यांनी बोट आरामात पकडली. सैनिकांच्या याद्या, वरून आलेले हुकूम, सगळं फुकटात हातात! मॅकिनॅकच्या अमेरिकन किल्ल्यावर तर आणखी कमाल, युद्ध सुरू झालंय हे तिथल्या अधिकाऱ्याला कळलं तेच मुळी इंग्रज शरण या म्हणत दारात आले तेव्हा.

मग डेट्रॉइटसमोर ब्रिटिश जनरल ब्रॉक आणि शॉनी या मूळनिवासी जमातीचा नेता टेकम्से. त्यांची माणसं हलपेक्षा कमी होती, पण ब्रॉकने साध्या मिलिशियाला, म्हणजे गावकऱ्यांच्या फौजेला, जुने लाल कोट घालून पक्के सैनिक भासवलं आणि चिठ्ठी पाठवली की एकदा लढाई पेटली की हे मूळनिवासी योद्धे माझ्या हातात राहणार नाहीत. किल्ल्यात हलची स्वतःची मुलगी आणि नातवंडं होती. त्याने पांढरं निशाण लावलं. पुढे कोर्ट मार्शलने त्याला गोळ्या घालायची शिक्षा दिली, ती मॅडिसनने जुन्या लढाईतल्या कामगिरीकडे बघून माफ केली. सगळे त्याला भित्रा म्हणतात, मला मात्र ते साध्या पोस्टाने पत्र पाठवणारे ऑफिसवाले जास्त दोषी वाटतात.

पुतण्याचं जहाज 'कॉन्स्टिट्यूशन'. ओकच्या जाड लाकडाचं, 'गेरिएर' या त्या ब्रिटिश फ्रिगेटचे गोळे त्याच्यावर आपटून खाली पडले म्हणे, म्हणून त्याचं नाव पडलं ओल्ड आयर्नसाइड्स. बोस्टनला ते अजून पाण्यात उभं आहे. (लाकडावरून आठवलं, ह्याच युद्धात 'हॉर्नेट' नावाचं अमेरिकन जहाज एका ब्रिटिश जहाजापासून तोफा समुद्रात फेकून कसंबसं पळालं, ते पाठलाग करणारं 'कॉर्नवॉलिस' आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, सागवानी! आणि हा पाठलाग एप्रिल १८१५ चा, म्हणजे युद्ध संपून दोन महिने झाले होते. परत तेच, बातमी पोचलीच नव्हती.)

मधल्या काळात इंग्रजांनी १८१४ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनमध्ये घुसून प्रेसिडेंटचं घर जाळलं, त्याआधी टेबलावर मांडलेलं जेवणही जेवून घेतलं. डिसेंबरमध्ये आजच्या बेल्जियममधल्या गेंटला तह झाला, ज्याची जमीन त्याला परत. खलाशी उचलून नेण्यावरून एवढं रान उठवलं होतं, त्याचा तहात शब्दसुद्धा नाही. तरी अमेरिकेत जल्लोष, कारण तह झाल्यानंतर जानेवारीत न्यू ऑर्लिन्सला अमेरिकन जनरल जॅक्सनने इंग्रजांना धूळ चारली होती.

तहाचं नववं कलम मात्र कोणी फारसं काढत नाही. त्यात लिहिलं होतं की मूळनिवासी जमातींना १८११ मध्ये जे त्यांचं होतं ते परत द्यायचं. टेकम्से तोवर लढाईत मेलेला. क्रीक या मूळनिवासी लोकांकडून ह्याच जॅक्सनने दोन कोटी एकरांच्या वर जमीन लिहून घेतली होती, त्यातली जराही परत केली नाही, आणि इंग्रजांनीही फारसा आग्रह धरला नाही.