शेवभाजी, डिकीतली वांगी आणि बाबांचा गुडघा

जानेवारीत भुसावळला एक लग्न होतं. ठाण्याहून आम्ही तिघं गाडीने निघालो, मी, नवरा आणि सासरे. बाबा तिकडचेच, अख्खं बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलेलं. नवऱ्याचं म्हणणं समृद्धीने जाऊ, संभाजीनगरला उतरू, अजिंठ्यावरून जळगाव, झूम पोचू. बाबा म्हणाले, "आणि खायचं काय? टोलची पावती?" झालं, ठरलं, कसारा-नाशिक-धुळे. मला समृद्धीबद्दल राग नाहीये, रस्ता भारीच आहे, पण दोन्ही बाजूंनी बंद रस्त्याला टपरी फुटत नाही आणि टपरी नसलेला प्रवास म्हणजे नुसतं एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं.

नाशिकला मिसळ खायची होती पण रविवार, त्या मळ्यातल्या मिसळीच्या जागांवर गाड्यांची जत्रा, झोपाळे, सेल्फी पॉइंट, वेटिंग पाऊण तास. सोडून दिली. आणि मग भुकेपोटी पुढे एका चकाचक ठिकाणी थांबायची चूक केली. नाव घेत नाही. लॉन, कारंजं, चौदा पानी मेनू, ज्यात चायनीजपण आणि साउथ इंडियनपण. पोहे मागवले तर पिवळा थंड भात आल्यासारखा आला, वर शेवेचे चार तुकडे, आणि बिल बघून बाबा एवढंच म्हणाले, "लग्नातला आहेर इथेच दिला की आपण."

एक सांगते, "जिथे ट्रक उभे तिथे जेवण चांगलं" हे जे सगळे सांगतात ना, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. ट्रकवाला मोकळी जागा बघतो, पाणी बघतो, बाज बघतो, रात्री गाडीवर कोणी लक्ष ठेवेल का ते बघतो. जेवण त्यानंतर. माझी खूण वेगळी आहे. मालक स्वतः तिथे जेवतो का? आणि "काय आहे?" विचारल्यावर पोऱ्या तीनच नावं सांगतो की तीस? तीन सांगितली की उतरायचं.

धुळं सोडून पारोळ्याच्या दिशेला लागलो आणि तशी जागा सापडली. पत्र्याची शेड, चार बाजा, एक कडुनिंब, बोर्डावरचा रंग उडालेला. पोऱ्या म्हणाला शेवभाजी, डाळ, अंडाकरी. बस. आता प्रॉब्लेम असा की बाबांचा गुडघा, बाजेवर बसले तर उठवायला क्रेन लागेल, आणि खुर्ची एकच, तिचाही पाय मोडका. तर तो पोऱ्या बोलला, "बाबा, तुम्ही उतरूच नका ना," आणि ताट थेट गाडीत. एक दार उघडं, मांडीवर पेपर, पेपरवर स्टीलची परात, परातीत ताट. परदेशात ड्राइव्ह-इन म्हणतात ते हेच असावं, फक्त तिथे कोणी बुक्कीने कांदा फोडून देत नसेल.

शेवभाजी खानदेशात सगळीकडे मिळते पण मला तिची गंमत त्या दिवशी कळली कारण मी चुलीपाशी जाऊन उभी राहिले. कांदा आणि सुकं खोबरं अक्षरशः काळं होईपर्यंत भाजतात, मग आलं-लसूण, खडा मसाला घालून वाटण, भरपूर तेलात परतून रस्सा. शेव त्यात शिजवतच नाहीत. तीपण आपली चिवड्यातली बारीक शेव नाही, जाड, तिखट, ओवा घातलेली, भाजीसाठीच वेगळी मिळते ती. गिऱ्हाईक बसलं की रस्सा उकळता, वर मूठभर शेव, आणि लगेच ताटात. वरून मऊ आणि आत अजून कुरकुरीत, एवढ्या दोन-तीन मिनिटांतच ती खायची असते. उन्हाळ्यात भाजीपाला नसला तरी डब्यात शेव असतेच, त्यामुळे ढाबेवाल्याचं कधी अडत नाही. रस्सा संपला की न विचारता परत ओतत होते. माझ्या नाकातून पाणी, नवऱ्याच्या कपाळावरून घाम, आणि बाबा गाडीत बसून अजून मिरची मागतायत.

मालक हात पुसत गाडीपाशी आला, "कथाईन उनात?" म्हणजे कुठून आलात, आणि बाबांनी इतकी वर्षं ठाण्यात राहून गंजलेली अहिराणी बाहेर काढली. मग वीस मिनिटं दोघांचं काय चाललं होतं देव जाणे, मला कापूस आणि पाऊस एवढेच शब्द कळले. निघताना त्याने एक किलो शेव बांधून दिली, पैसे घेतले बरं का, फुकटचा जिव्हाळा नाही दाखवला, मला ते जास्त आवडलं.

भुसावळच्या लग्नाचं जेवण ठीक होतं, पनीर होतं, सोडा. खरं जेवण दुसऱ्या दिवशी, जळगावच्या वाटेवर एका भरीत सेंटरवर. थंडीत तिकडे भरीत किलोवर मिळतं. लांबट, फिकट हिरवी वांगी, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजलेली, मग लाकडी बडगीत ठेचून त्यात तेल, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली, जरा चिकट, काळसर. टेबल नाही, कागदाच्या प्लेटा, आजूबाजूला धूर. बाबा इथे मात्र उतरले. गाडीला टेकून उभे राहून खाल्लं, आणि म्हणाले आमच्या वेळी शेतात करायचे, तेव्हा तेल याच्या दुप्पट असायचं.

तीन किलो वांगी डिकीत टाकून आणली. घरी गॅसवर भाजली, मिक्सरला लावली, चव आली वांग्याची पण धूर कुठून आणणार. शेवभाजीचं तर बोलायलाच नको, मी शेव आधी टाकली आणि मग डाळीचा कुकर लावत बसले, झाकण उघडलं तर तिखट पिठलं. बाबांनी दोन पोळ्यांशी गप खाल्लं. उरलेली अर्धा किलो शेव आता चहाबरोबर संपतेय.