‘सिन्स एजेस’ का चुकतं?

बुधवार, रात्र.

‘आय ॲम वेटिंग सिन्स एजेस.’ पाच शब्द, दोन चुका, आणि दोन्ही मराठीतून आलेल्या.

पहिली ‘पासून’ची. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं: सोमवारपासून आणि दोन वर्षांपासून. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे होतात. कधी सुरू झालं हे सांगायचं तर ‘सिन्स मंडे’, किती वेळ गेला हे सांगायचं तर ‘फॉर टू इयर्स’. ‘एजेस’ म्हणजे गेलेला खूप वेळ, म्हणून ‘फॉर एजेस’. दुसरी चूक क्रियापदाची. ‘तासभर वाट बघतोय’ हे मराठीत बिनचूक. इंग्रजीत ‘आय ॲम वेटिंग’ फक्त आत्तापुरतं. मागून चालत आलेलं असेल तर ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर एजेस’. बोलण्यात तो ‘हॅव’ इतका आखडतो की कानावर नुसतं ‘बीन’ पडतं, मग लिहितानाही गळतो.

‘इन एजेस’ नकारासोबत: ‘आय हॅवन्ट सीन हर इन एजेस’. तिथे ‘फॉर’ही चालतं, त्यामुळे शंका आली की ‘फॉर’ वापरावं. गोष्ट होऊन गेली असेल तर साधा भूतकाळ, ‘आय रेड इट एजेस अगो’. इथे ‘हॅव’ घुसवायचा नाही. ‘इट टुक एजेस’मध्ये तर ‘फॉर’सुद्धा नको.

हे एजेस किती लांब? बसस्टॉपवरची वीस मिनिटंही पुरतात. म्हणून ‘युगे’ हे भाषांतर फसतं. युगं म्हटली की विठोबाची अठ्ठावीस आठवतात. तप तर मोजून बारा वर्षांचं. बसस्टॉपवर आपला शब्द ‘कधीचा’: ‘कधीचा थांबलोय मी!’ तोच वैताग, आणि बोलणारी बाई असेल तर ‘कधीची’. भेटीला ‘किती दिवसांनी!’ वर्षं गेली तरी आपण दिवसच म्हणतो.

ब्रिटनमध्ये याच अर्थाने ‘डाँकीज इयर्स’ही ऐकू येतं. गाढवाचे कान लांब, आणि ‘इअर्स’-‘इयर्स’ उच्चाराला जवळजवळ सारखे. बहुधा त्यावरची ही कोटी. पण ते खरोखरच्या वर्षांना शोभतं, बसला नाही.

ऑफिसच्या मेलमध्ये दोन्ही नकोत. ‘बिल एजेस पेंडिंग आहे’ ही नुसती कुरकुर वाटते. तिथे तारीख लिहावी, ‘सिन्स थर्ड मार्च’. आणि हो, इथे ‘सिन्स’च.