होम जपलं, बाकीचं शोधून आणलं: मिंट 20.3 वरून 22.2

घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट 20.3 (एक्सएफसीई डेस्कटॉपवालं) होतं. त्याचा सपोर्ट एप्रिल 2025 मध्येच संपला. अपग्रेडनं जायचं तर आधी 21, मग 21.3, मग 22 अशा पायऱ्या चढत बसायचं. त्यापेक्षा रूट (डिस्कचा ज्या भागात, म्हणजे पार्टिशनमध्ये, सिस्टम असते तो) पुसून 22.2 नव्यानं टाकायचं ठरवलं. होमचं (आपल्या फायली आणि सेटिंगचं) पार्टिशन वेगळं आहे म्हणजे निर्धास्त राहा, असं आपण एकमेकांना कायम सांगतो. मला ते अर्धंच पटतं. होममध्ये आहे ते वाचेल हो, पण आपलं सगळं होममध्येच असतं असं कुठंय? या खेपेला वेळ गेला तो इन्स्टॉलमध्ये नाही, होमबाहेर काय काय पडलंय ते धुंडाळण्यात.

होमबाहेरचा माल

सगळ्यात मोलाचे निघाले फॉन्ट. आईच्या भजनी मंडळाच्या जुन्या फायली युनिकोड घरोघरी पोचायच्या आधीच्या आहेत. त्या फायलीत अक्षरं खरं तर रोमन सांकेतिकच असतात, देवनागरी दिसते ती त्या विशिष्ट फॉन्टच्या जिवावर. फॉन्ट गेला की अभंगाच्या जागी स्लॅश, कंस आणि डॉलरची चिन्हं. हे फॉन्ट लॅपटॉपवरच्या दोन्ही खात्यांना दिसावेत म्हणून यूएसआर-लोकल-शेअर या सिस्टमच्या फोल्डरमध्ये ठेवलेले, म्हणजे नेमके फॉरमॅट होणाऱ्या रूटवर. फॉन्ट एकाच माणसाला लागत असतील तर होममधल्या डॉट-लोकल या लपलेल्या फोल्डरच्या शेअर-फॉन्ट्समध्ये टाकावेत, तिथं ते आपोआप वाचतात.

दुसरं, वायफायचे पासवर्ड. ते ईटीसीत (सिस्टमच्या सेटिंगचं फोल्डर) नेटवर्कमॅनेजरच्या सिस्टम-कनेक्शन्समध्ये असतात. परत आणताना मालक रूट (इथं प्रशासक खातं) आणि परवानगी 600 (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) असायलाच हवी, नाहीतर नेटवर्कमॅनेजर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिसरं क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचं वेळापत्रक. आपण ते स्वतःच्या खात्यातून लिहितो म्हणून होममध्ये असेल असं वाटतं, पण ते रूटवरच्या व्हार फोल्डरच्या स्पूलमध्ये राहतं. मायएसक्यूएल या डेटाबेसचा डेटाही व्हारमध्येच, आणि त्याचं फोल्डर उचलण्यापेक्षा डंप (डेटाची मजकूर-रूपातली प्रत) काढणं केव्हाही बरं. यूएसआर-लोकल-बिनमधल्या बारीकसारीक स्क्रिप्ट आणि ऑप्टमध्ये टाकलेलं किडूकमिडूकही उचललं. ईटीसी तर अख्खंच कॉपी करून ठेवलं, पण फक्त बघायला. जुनं एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठं जोडायचं याची यादी) नव्या सिस्टमवर डकवायचं नाही.

स्वतः टाकलेल्या पॅकेजची (प्रोग्रामची) यादी एपीटी-मार्कच्या शो-मॅन्युअल या आज्ञेनं काढली. ती आंधळेपणानं पुन्हा टाकू नका. 20.3 च्या काळातली काही नावं आता बदललीत, आणि जुन्या पीपीए (अधिकृत यादीबाहेरची पॅकेज-भांडारं) नव्या बेसवर चालत नाहीत. यादी समोर ठेवून लागेल तसं एकेक टाकलेलं बरं.

बॅकअप

होमला हात लावायचा नसला तरी बॅकअप हवाच. इन्स्टॉलरमधली एक टिक इकडची तिकडे झाली की खेळ खलास. आधी स्मार्टसीटीएलनं डिस्कची तब्येत पाहिली: रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टर, दोन्ही शून्य. पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर ओएस बाजूला ठेवून आधी डेटा बाहेर काढावा, तोही डीडीरेस्क्यू या बिघडत्या डिस्कवरून कॉपी करणाऱ्या साधनानं.

कॉपी लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून घेतली, म्हणजे होममधली कुठलीच फाइल उघडी नसते. आरसिंक या कॉपीच्या साधनाला आर्काइव्ह, एसीएल आणि एक्सअ‍ॅट्रचे पर्याय दिले, सोबत न्यूमेरिक-आयडी, म्हणजे मालकी आणि परवानग्याही जशाच्या तशा येतात. बाहेरची डिस्क ईएक्सटी4 (लिनक्सची फाइल-पद्धत) केलेली आहे. एक्सफॅटवर (विंडोजलाही चालणारी पद्धत) सरळ कॉपी केली तर मालकी आणि परवानग्या उडतात आणि सिमलिंकही (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) जमत नाहीत. डिस्क विंडोजवरही लागणार असेल तर सगळं टार या एकाच फाइलमध्ये बांधून ठेवायचं. मात्र फॅट32 असेल तर एका फाइलला 4 जीबीची मर्यादा आहे हे विसरू नका.

मग तीच आज्ञा चेकसम (मजकूर ताडून पाहणं) आणि ड्राय-रन (प्रत्यक्ष कॉपी न करता) लावून पुन्हा चालवली. फरकांची यादी रिकामी आली तरी तेवढ्यावर थांबलो नाही. डिस्क दुसऱ्या मशीनला लावून काही फोटो, एक हिशेबाची शीट आणि एक जुनी भजनाची फाइल उघडून पाहिली. उघडून न पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

इन्स्टॉल

आयएसओचा (इन्स्टॉलच्या फाइलचा) शा-256 हा पडताळणीचा आकडा जुळवून घेतला. सुरू करण्याआधी बॅकअपची डिस्क काढून कपाटात ठेवली. पार्टिशनच्या यादीत ती दिसलीच नाही तर चुकून पुसली जाणार कशी? ‘समथिंग एल्स’ (पार्टिशन स्वतः ठरवायचा पर्याय) निवडलं. रूटला ईएक्सटी4 आणि फॉरमॅटची टिक. होमला ईएक्सटी4, माउंट पॉइंट होम आणि टिक नाही. ईएफआयचं (बूटसाठीचं) पार्टिशन जसंच्या तसं, तेही फॉरमॅट नाही. ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्यावर कोणती पार्टिशनं फॉरमॅट होणार याची एक छोटी खिडकी येते. बहुतेक जण ती न वाचता पुढे जातात, पण खरा पहारेकरी तीच आहे. माझ्याकडे तिथं फक्त एसडीए2, म्हणजे रूट, होतं. होमचा नंबर दिसला असता तर तिथूनच मागे फिरता आलं असतं.

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला घेतली ती गोष्ट. फाइलवर मालकाचं नाव नसतं, आकडा असतो. पहिल्या खात्याला 1000, दुसऱ्याला 1001. लॅपटॉप मुळात आईचा, त्यामुळे 1000 तिची आणि 1001 मी. एलएस या यादी दाखवणाऱ्या आज्ञेला एन लावून हे आधीच पाहून ठेवलं होतं. म्हणून इन्स्टॉलरनं नाव विचारलं तेव्हा माझं न देता आईचं दिलं, अगदी जुन्या स्पेलिंगसकट, आणि माझं खातं नंतर जोडलं. उलट केलं असतं तर तिच्या फोल्डरवर मालकी माझ्या आकड्याची आणि माझ्यावर तिच्या, मग चोन (मालक बदलायची आज्ञा) करत बसा.

पहिल्यांदा लॉगिन

आधी सगळे अपडेट घेतले, फायरफॉक्स त्यानंतर उघडला. प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड वगैरे) नव्या आवृत्तीत वापरलेलं असेल आणि फायरफॉक्स जुना असेल तर तो ते उघडायला नकार देतो. कुणी उबुंटूवरून मिंटवर येत असेल तर आणखी एक: उबुंटू 22.04 पासून फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या पॅकेज-प्रकारात येतो, त्यामुळे प्रोफाइल डॉट-मोझिलात न सापडता होममधल्या स्नॅप फोल्डरमध्ये सापडतं.

डेस्कटॉपची जुनी सेटिंग मात्र नको होती. डॉट-कॉन्फिगमधल्या एक्सएफसीई4 चं नाव बदलून बाजूला ठेवलं (डिलीट नाही), की पॅनेल कोरं करकरीत येतं. लिबरऑफिसला धक्का लावला नाही. 6.4 वरून 24.2 वर आलो तरी त्याच्या सेटिंगच्या फोल्डरचं नाव अजून ‘4’ च आहे. आत वर्डबुकमध्ये स्टँडर्ड-डिक नावाची चिमुकली फाइल. आईनं ‘शब्दकोशात जोडा’ दाबून साठवलेले सगळे शब्द त्यात: दिंडी, गौळण, काकडा, आडनावं, गावांची नावं. आकारानं काही केबी, पण गेली असती तर पुन्हा कोण जमवणार?

मराठी कीबोर्ड यादीत होता, पण टाइप काही होईना. सेटिंग होममधून आली होती, आयबस-एम17एन हे टायपिंगचं पॅकेज रूटबरोबर गेलं होतं. ते टाकल्यावर इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची मांडणी) सुरू झाला. पायथनची जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रत्येक प्रकल्पाच्या लायब्रऱ्यांचं वेगळं फोल्डर) सरळ मोडीत काढली. 3.8 वरून 3.12 झाल्यावर त्यांचे धागे तुटतातच, रिक्वायरमेंट्सच्या फाइलवरून नव्या केल्या.

विंडोजवाल्यांसाठी

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपल्यापासून नव्यानं इन्स्टॉल करताना काय वाचतं, काय जातं हा प्रश्न तिकडूनही येतो. रीसेटमधलं ‘कीप माय फाइल्स’ डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे राखतं, पण प्रोग्राम जातात आणि विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये आपण टाकलेले मराठी फॉन्टही. ते आधी उचला. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि लिनक्समधून एनटीएफएसवर (विंडोजच्या पार्टिशनवर) लिहायचं असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करून पूर्ण शटडाउन करा.

उरलेलं

जुन्या फॉन्टमधल्या फायली एकदाच्या युनिकोडमध्ये आणायला घेतल्यात. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. साध्या अक्षराला अदलाबदल सोपी, पण ‘भक्ति’सारख्या शब्दात वेलांटी अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते. माझी स्क्रिप्ट सध्या दोन अक्षरांचं जोडाक्षर नीट ओलांडते, तीन अक्षरांचं नाही.