कमी पैशात टूल चेस्ट घेताना मी काय काय पाहिलं

बजेट आधीच ठरलेलं होतं, आणि ते फारसं नव्हतं. त्यामुळे चकचकीत लाल रंगाची, बारा-पंधरा ड्रॉवरची, वर-खाली दोन मजली पेटी पहिल्याच फेरीत बाद झाली. आता प्रश्न उरला तो एवढाच की आहे त्या पैशातला मोठा हिस्सा नेमका कशावर घालवायचा.

दुकानात जाण्याआधी मी गॅरेजमधली सगळी हत्यारं जुन्या चादरीवर मांडली. पाने, सॉकेट, पकडी, स्क्रू ड्रायव्हर, कानशी, हातोड्या, ड्रिल मशीन, ग्राइंडर. मग क्रेटमध्ये भरून वजनकाट्यावर ठेवत गेलो. पान्यांचा संच आणि सॉकेटची पेटी मिळूनच दहा किलोच्या आसपास भरलं. हातोड्या, पुलर (घट्ट बसलेले भाग ओढून काढायचं हत्यार) आणि पाइप रेंच यांचं वजन वेगळंच. दुसरी गोष्ट दिसली ती उंचीची. निम्म्याहून जास्त हत्यारं आडवी ठेवली तर दोन इंचांपेक्षा कमी उंचीत बसतात. म्हणजे मला खोल कप्पे दोनच पुरे होते, बाकी सगळे उथळ हवे होते.

स्वस्त पेट्यांत नेमकं उलटं असतं. प्रत्येक ड्रॉवरला चॅनेलची, म्हणजे तो ज्यांवर आत-बाहेर सरकतो त्या बाजूच्या पट्ट्यांची, एक जोडी लागते आणि खर्च तिथेच वाढतो, म्हणून बनवणारे ड्रॉवर कमी आणि खोल देतात. खोल ड्रॉवरमध्ये हत्यारांवर हत्यारं चढतात आणि हवा तो पाना नेहमी तळाशी सापडतो. तेवढ्याच किमतीत थोडी लहान पण जास्त उथळ ड्रॉवरची पेटी मिळत असेल तर मी डोळे झाकून तीच घेईन.

मापाचीही एक गंमत आहे. पेटीची रुंदी २७ इंच लिहिलेली असली, तरी ड्रॉवर आतून बावीस-तेवीस इंचच भरतो. नेहमीचं बॉल बेअरिंगचं चॅनेल दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच खातं, शिवाय पत्र्याच्या कडा आणि खांब. मी टेप घेऊन आतली मापं घेत होतो आणि विक्रेता माझ्याकडे संशयाने बघत होता. पण टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळायचा लांब पाना) तिरका ठेवावा लागला तर शेजारची अर्धी जागा वाया जाते, हे त्याला कोण सांगणार!

सगळ्यात जास्त वेळ मी चॅनेलवर घालवला. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढायचा, पुढच्या कडेवर हाताने दाब द्यायचा, मग डावी-उजवीकडे हलवून पाहायचं. नायलॉनच्या रोलरवर सरकणारा ड्रॉवर रिकामा असताना छान चालतो. वजन पडलं की तो वाकडा धावतो. बॉल बेअरिंगच्या चॅनेलमध्येही दोन प्रकार असतात. काही ड्रॉवर पाऊणच उघडतात आणि मागच्या पाव भागात हात वाकडा करून चाचपडावं लागतं. पूर्ण उघडणारेच घ्यावेत. ड्रॉवरची वजनक्षमता दिलेली असते ती चॅनेलच्या जोडीची, आणि वजन तळावर सारखं पसरलं आहे असं धरून. शिवाय सात ड्रॉवर गुणिले चाळीस किलो म्हणजे पेटी २८० किलो पेलेल, असंही नाही. अख्ख्या पेटीची क्षमता वेगळी लिहिलेली असते आणि ती बहुतेक वेळा चाकांवर अडते.

चाकांचा हिशेब करताना एकूण वजनाला चारने नाही, तीनने भागायचं. जमीन कुठेच अगदी सपाट नसते, एखादं चाक थोडं अधांतरी राहतंच. भरलेली पेटी २४० किलोची होणार असेल तर प्रत्येक चाक साठ नव्हे, ऐंशी किलोचं हवं. व्यास मोठा असेल तितकं बरं. लहान चाकं फरशीच्या सांध्यात आणि पडलेल्या वॉशरवर अडकतात, पाच इंची चाक त्यावरून निघून जातं. गॅरेजच्या जमिनीला पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतार असतो, तेव्हा निदान दोन चाकांना ब्रेक हवाच.

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिमी, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे पाऊण मिमी. पण सगळी पेटी एकाच गेजची असेल असं नाही, माहितीपत्रकात बहुधा सगळ्यात जाड भागाचा आकडा असतो. म्हणून मी रिकाम्या पेटीचं वजन विचारायचो. एकाच आकाराच्या दोन पेट्यांत जी जड, तिच्यात लोखंड जास्त. यापेक्षा सोपी कसोटी मला तरी सापडली नाही.

शेवटी घेतली ती दुकानात मांडून ठेवलेली, बाजूच्या पत्र्याला पोचा आलेली पेटी. त्यामुळे किंमत बरीच उतरली. पोच्यामुळे सांगाडा पिळला नाही ना, हे पाहायला पुढच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजले. ते सारखे भरले आणि सगळे ड्रॉवर बोटाने ढकलून बंद झाले, तेव्हाच पैसे दिले. पोचा आता भिंतीकडे आहे.

लाकडी टॉप असलेली पेटीच वर्कबेंच म्हणून विकतात, तीही पाहिली होती. सुटे भाग मांडायला ती ठीक. पण चाकांवरच्या पेटीला व्हाइस (काम घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) लावून कानस चालवायला लागलं की पेटी तुमच्याबरोबर पुढे-मागे हलते आणि हातोड्याचे दणके थेट चॅनेलवर जातात. म्हणून बेंच वेगळा केला. जाड लाकडी पाय, वर १८ मिमी प्लायवूडचे दोन थर गोंद आणि स्क्रूने जोडून, आणि मागची पट्टी भिंतीला बोल्टने पक्की. व्हाइस पायाच्या बरोबर वर, प्लायवूडच्या आरपार बोल्ट घालून. व्हाइसच्या जबड्याची वरची कड उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला यावी, असा जुना कारागिरी ठोकताळा आहे. बेंचची उंची मी त्यावरूनच काढली. खाली पेटी आत सरकेल एवढी जागा सोडली आहे.

पेटी घरी आणल्यावर आधी ड्रॉवर काढून घेतले. चॅनेलवरची पट्टी एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दाबली की ड्रॉवर सुटतो. मग सांगाडा पाठीवर आडवा करून चाकं लावली. भरताना जड हत्यारं तळाला. एका वेळी एकच ड्रॉवर उघडेल अशी सोय स्वस्त पेटीत नसते. वरचे दोन भरलेले ड्रॉवर एकदम ओढले तर पेटी अंगावर येऊ शकते, हे मुलांना आधी सांगून ठेवलं. कुलपावर चोरापासून संरक्षणासाठी विसंबू नये. पेटी हलवताना ड्रॉवर बाहेर येत नाहीत, एवढा त्याचा उपयोग. तळाला जाळीदार रबराची चटई अंथरली आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, कारण गॅरेजमध्ये दमट हवा पाने-पकडींवर पटकन गंज चढवते.

सगळ्यात वरचा उथळ ड्रॉवर मुद्दाम रिकामा ठेवला आहे. चालू कामाचे सुटलेले बोल्ट, वॉशर, क्लिपा तिथेच पडतात आणि काम संपेपर्यंत त्यात कुणी हात घालायचा नाही, असा घरात नियम केला आहे.