गळती नसलेले चेंबर

रबाळे एमआयडीसीत भिंगांवर लेप चढवणारा एक कारखाना आहे. जुलैमधल्या एका सोमवारी सकाळी तिथून फोन आला की त्यांचे चेंबर ‘मायनस फोर’च्या खाली उतरायला तयार नाही. निर्वात चेंबर आणि त्यांचे पंप दुरुस्त करण्यात माझी सव्वीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे पावसाळ्यात असा फोन आला की निम्मे निदान मनात होऊन जाते, आणि नेमके तेच त्या दिवशी माझ्या अंगाशी आले. ठाण्याहून पनवेलची लोकल पकडून आम्ही दोघे रबाळ्याला उतरलो. बरोबर डिप्लोमा करून नुकतीच लागलेली प्रशिक्षणार्थी होती. ती मूळची नारायणगावजवळची असून ऐरोलीला आत्याकडे राहते.

‘मायनस फोर’ म्हणजे मिलिबारचा दहा हजारावा भाग. आपण श्वास घेतो त्या हवेचा दाब साधारण हजार मिलिबार असतो, म्हणजे एवढ्यावर उतरलेल्या चेंबरमध्ये हवेचा फक्त एक कोटीवा भाग उरलेला असतो. तरीही लेपासाठी ते पुरत नाही. मॅग्नेशियम फ्लोराइडची (लेपाच्या द्रव्याची) वाफ खालच्या ‘बोटी’तून, म्हणजे ते तापवायच्या छोट्या पात्रातून, उठून वरच्या भिंगांवर सरळ जाऊन बसायला हवी, आणि या दाबाला तिचे रेणू अर्धा-पाऊण मीटरच्या वाटेत उरलेल्या हवेच्या रेणूंवर आदळत राहतात. मायनस फाइव्हला, म्हणजे आणखी दहापट कमी दाबाला, हाच रेणू सहा-सात मीटर कुणालाही न धडकता जाऊ शकतो.

दरवाजाची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, फाटली असणार, असे मी मनाशी ठरवूनच टाकले होते. हेलियमचा लीक डिटेक्टर जोडला आणि प्रत्येक फ्लॅंजभोवती (जोडाच्या चकतीभोवती), प्रत्येक फीडथ्रूभोवती (वायर आत नेणाऱ्या जोडाभोवती), आत पाहायच्या खिडकीच्या काचेभोवती बारीक नळीने हेलियम सोडत दोन तास घालवले. काटा ढिम्म हलला नाही. खरे तर आधी पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून दाब कसा चढतो ते पाहायला हवे होते, कारण त्याला दहा मिनिटे लागतात. जेवणाच्या सुट्टीनंतर ते केले. दाब भराभर चढला, मग मंदावला आणि जवळजवळ थांबला. बाहेरची हवा आत शिरत असती, तर तो एका चालीने चढतच राहिला असता. म्हणजे गळती नव्हती. जे येत होते ते चेंबरच्या आतूनच, त्याच्या भिंतींतून येत होते.

चौकशी केल्यावर कळले की शनिवारी संध्याकाळी वीज गेली तेव्हा चेंबरमध्ये हवा सोडून दरवाजा उघडला गेला आणि तो सोमवार सकाळपर्यंत तसाच राहिला. जुलैची हवा दोन रात्री आत खेळत होती. स्टीलच्या दर चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा अगदी एकच थर बसला, तरी त्यात १ वर १५ शून्ये इतके रेणू असतात, आणि ते थोडे थोडे सुटत राहतात. खात्रीसाठी मी कोल्ड ट्रॅपमध्ये, म्हणजे वाफ गोठवून पकडणाऱ्या सापळ्यात, द्रवरूप नायट्रोजन ओतला. उणे १९६ अंशांच्या त्या पत्र्यावर पाणी गोठून बसू लागले आणि गेजवरचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत खाली आला.

चेंबर गरम करून भिंती सुकवायला चार-पाच तास लागणार होते. त्या वेळात प्रशिक्षणार्थीने विचारले, “सर, आपण एवढे पंप लावतो तेव्हा कुठे हे मिळतं. ताऱ्यांच्या मध्ये तर कुणीच पंप लावलेला नाही. तिथे किती असतं?”

मी लॉगबुकचे मागचे पान उघडून तिलाच हिशेब मांडायला सांगितला. साध्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे करंगळीच्या पेराएवढ्या जागेत, २५ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. आम्हाला मायनस सिक्स लागला, तरी तेवढ्याच जागेत २५०० कोटी उरतात. पृथ्वीजवळच्या ग्रहांमधल्या जागेत सूर्यापासून येणाऱ्या वाऱ्याचे पाच-दहा कण असतात, तेही सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने धावणारे. ताऱ्यांच्या मध्ये सरासरी एखादाच अणू असतो, बहुधा हायड्रोजनचा. ज्यांना आपण दाट मेघ म्हणतो आणि ज्यांच्यात तारे जन्मतात, त्यांच्या गाभ्यातही दर घन सेंटिमीटरला दहा हजार ते दहा लाख रेणू, म्हणजे आमच्या चेंबरपेक्षा हजारो पटींनी विरळ.

“मग हे मोजलं कसं? तिथे गेज कुणी नेलं?”

हा प्रश्न माझ्या धंद्यातला होता. व्हॉयेजर १ या अंतराळयानाने गेज नेले होते, पण त्यातले प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, मोजणारे उपकरण १९८० मध्येच बंद पडले. २५ ऑगस्ट २०१२ रोजी सूर्यापासून सुमारे १८०० कोटी किलोमीटरवर ते यान सूर्याच्या वाऱ्याच्या बुडबुड्याबाहेर पडले, तेव्हा बाहेर पडल्याची थेट खूण सांगणारे तेच उपकरण हाताशी नव्हते. मार्च २०१२ मध्ये सूर्यावर झालेल्या उद्रेकाचा धक्का तेरा महिन्यांनी यानापर्यंत पोहोचला आणि भोवतालचा प्लाझ्मा घंटेसारखा थरथरला. त्या थरथरीच्या वारंवारितेवरून घनता काढली गेली: दर घन सेंटिमीटरला ०.०८ इलेक्ट्रॉन. चहाच्या एका कपात आठ! तरीही आकडा बुडबुड्याच्या आतल्या कडेपेक्षा चाळीसेक पट जास्त होता. बाहेर पडल्याचा पुरावा विरळपणाने नव्हे, तर दाटीने दिला, याचे मला अजूनही नवल वाटते. बंद गेजवर हळहळत न बसता दुसऱ्या कशाच्या तरी वागणुकीवरून दाब ओळखणे हे मी रोज करतो, पण १८०० कोटी किलोमीटरवरून नाही.

ती म्हणाली की तिच्या गावाजवळच्या खोडदच्या मोठ्या डिशही हेच काहीतरी ऐकतात, असे शाळेत सांगितले होते. बरोबर सांगितले होते. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या त्या तीस डिश हायड्रोजनची २१ सेंटिमीटर तरंगलांबीची लहरही टिपतात. एकटा सोडलेला अणू ती लहर सरासरी एक कोटी दहा लाख वर्षांत एकदा सोडतो. अणू अगणित आहेत, म्हणून ती ऐकू येते.

मला मात्र त्या दिवशी धूळ जास्त जवळची वाटली. ताऱ्यांमधल्या द्रव्यात वजनाने शेकडा एक भाग धूळ असते आणि तिचा कण साधारण एक दशांश मायक्रॉनचा, म्हणजे आम्ही भिंगावर चढवतो त्या लेपाच्या जाडीएवढाच. हायड्रोजनचे दोन अणू मोकळ्या जागेत भेटले, तरी जोडीची जास्तीची ऊर्जा टाकायला त्यांना जागा नसते, त्यामुळे ते बहुतेक वेळा पुन्हा सुटतात. थंड मेघांत, उणे २६० अंशांच्या आसपास, ते धुळीच्या कणावर येऊन बसतात तेव्हाच त्यांचा रेणू होतो. तिथेच ऑक्सिजनला हायड्रोजन मिळून पाणी तयार होते आणि कणावरच बर्फ होऊन राहते. तिथे भिंती नाहीत, पण भिंतींचे काम धूळ करते.

“म्हणजे तिथेही पाणी चिकटून बसतं,” ती म्हणाली.

संध्याकाळी साडेसातला मायनस सिक्स लागला. पुढच्या वेळी चेंबर उघडण्याआधी आत कोरडा नायट्रोजन भरायचा आणि दरवाजा कधीच उघडा ठेवायचा नाही, हे मी शिफ्ट इनचार्जला दोनदा सांगितले. लॉगबुकमध्ये ‘बिघाडाचे कारण’ या रकान्यात तिने ‘गळती नाही. पाणी.’ असे लिहिले, आणि त्याखाली पेन्सिलीने, बहुधा स्वतःसाठीच, ‘अजून २५०० कोटी बाकी.’