तीन तास वीस मिनिटं

गिऱ्हाइकाची तक्रार आली की तिचं तिकीट होतं, आणि प्रत्येक तिकिटावर किती वेळ गेला ते आम्हाला एका रकान्यात भरावं लागतं. त्या दिवशी मी तिथे ३ तास २० मिनिटं असं अगदी प्रामाणिकपणे भरलं.

आमचं सॉफ्टवेअर हौशी लोकांच्या छोट्या लेझर कटरसाठी आहे. कुठे कापायचं आणि कुठे नुसतं कोरायचं ते पडद्यावर ठरवायचं, मग त्याचा जी-कोड, म्हणजे मशीनला कळणाऱ्या हुकमांची यादी, ओळीओळीने यूएसबीतून मशीनकडे जातो. विंडोज आणि मॅक बघायला माणसं आहेत. लिनक्स ही तिसरी सिस्टिम माझ्या गळ्यात, कारण मी घरी लिनक्स वापरतो. एवढंच भांडवल.

तिकीट एका निवृत्त शिक्षकांचं होतं. मुलांसाठी लाकडी कोडी कापतात. उबुंटू या लिनक्सच्या २०.०४ आवृत्तीवरून २२.०४ वर गेले आणि त्या दिवसापासून सॉफ्टवेअरला मशीन दिसेना. माझ्याआधी विंडोजवाल्या सहकाऱ्याने साच्यातलं उत्तर पाठवून दिलं होतं : ड्रायव्हर पुन्हा टाका. अरे बाबा, हा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलबरोबरच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबरोबरच येतो, टाकायचा काय? तिकीट न वाचता उत्तर देण्याची कला मला काही साधलेली नाही.

माझा पहिला संशय परवानगीवर. उबुंटूत सीरियल पोर्ट, म्हणजे मशीनशी बोलायची वाट, उघडायचा तर 'डायलआउट' गटात नाव लागतं. सरांनी कमांड चालवली, लॉगआउट करून परत आले. मशीन नाहीच. केबल बदलली. (नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, यापायी आमचे किती दिवस गेलेत!) तरी नाही. शेवटी म्हटलं, सर, केबल काढून पुन्हा लावा आणि लगेच कर्नलच्या लॉगमधल्या शेवटच्या ओळी मला पाठवा.

त्या ओळींत सगळं होतं. कर्नलने चिप ओळखली, पोर्ट दिला, आणि पाठोपाठ पोर्ट गेलासुद्धा. मध्ये एक नाव : बीआरएलटीटीवाय. हा ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे पडद्यावरचा मजकूर अंध माणसाच्या बोटांखाली आणणारा. स्वस्तातल्या बऱ्याच कंट्रोलर बोर्डांवर सीएच३४० ही यूएसबी-सीरियल चिप असते, तिचा ओळख क्रमांक १ए८६:७५२३. ब्रेल डिस्प्ले ओळखायच्या यादीतही नेमका हाच क्रमांक बसलेला. चिप फक्त स्वतःचं नाव सांगते. तिच्यामागे लेझर आहे की ब्रेल, ते तिच्या गावीही नसतं. त्यामुळे बिचाऱ्या प्रोग्रॅमने आपलंच उपकरण समजून मशीन उचललं.

तो काढून टाकायला एक ओळ पुरते. पण आधी विचारलं, घरात ब्रेल डिस्प्ले कोणी वापरतं का? नाही म्हणाले. मग काढायला सांगितलं. दहा मिनिटांनी फोटो आला : प्लायवूडचा हत्ती, अकरा तुकड्यांत. मी तो शेजारच्या दोघांना दाखवलासुद्धा.

चार वाजता मीटिंग होती. मॅनेजरबाईंनी तक्ता लावला, कुठल्या सिस्टिमवर किती तास गेले त्याचा. पुढच्या आवृत्तीपासून लिनक्स बंद. उदाहरणादाखल उघडलेलं तिकीट सरांचं होतं.

मी म्हटलं, यात चूक आपली नव्हती, सरांचीही नव्हती. त्या म्हणाल्या, "असेल. पण वेळ आपलाच गेला ना?"

यावर काय बोलणार? जीलिबसी ही लिनक्सची पायाभूत लायब्ररी, तिच्या जुन्या आवृत्तीवर बिल्ड केलं नाही तर जुन्या सिस्टिमवर प्रोग्रॅम उघडतच नाही, म्हणून एक म्हातारं व्हर्च्युअल मशीन (संगणकातला संगणक) मी वर्षानुवर्षं जपतोय. उबुंटू २२.०४ वर लिबफ्यूज२ ही लायब्ररी आपसूक येत नाही, तेवढ्यावरून ॲपइमेज, म्हणजे आमच्या प्रोग्रॅमची एकसंध फाइल, अडून बसते. वेलँड या लिनक्सच्या नव्या पडदा-व्यवस्थेत खिडकी आपल्याला हवी तिथे ठेवता येत नाही. बाईंना यातलं निम्मंही माहीत नव्हतं. असतं तर त्यांची बाजू आणखी भक्कम झाली असती. मी गप्प राहिलो.

मला खुपतं ते निराळंच. 'ड्रायव्हर पुन्हा टाका' या उत्तराला तक्त्यात २ मिनिटं लागली आहेत. ते चूक होतं हे सांगणारा रकानाच नाही. मीही दोन मिनिटांत काहीतरी ठोकून दिलं असतं, तर सरांनी कंटाळून नाद सोडला असता आणि लिनक्स तक्त्यात स्वस्त दिसलं असतं.

संध्याकाळी सरांचा मेल आला, नवी आवृत्ती कधी येणार? ठरलेलं उत्तर तयारच होतं : आपल्या सहकार्याबद्दल आभार, कृपया विंडोज किंवा मॅक वापरावे. ते पुसलं. आत्ताची ॲपइमेज दोन ठिकाणी जपून ठेवा, चालू लॅपटॉपवर पुढचं अपग्रेड घाईने करू नका, असं लिहिलं. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममधून जी-कोड कसा काढायचा ते सविस्तर लिहिलं, आणि तो मशीनला पाठवायला युनिव्हर्सल जी-कोड सेंडर जावावर चालतो, म्हणजे लिनक्सवरही, हेही. गिऱ्हाइकाला दुसऱ्याचं सॉफ्टवेअर सुचवायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे.

सव्वा तास लागला. रकान्यात ५ मिनिटं लिहिली.